फिलूआत्याच्या बॅटऱ्या

पाऊस गेला की वसईकडच्या आमच्या गिरीज गावात हवा जागच्या जागी बसून राहते. केळीचं पान हलत नाही. विहिरीवरचा पंप बंद झाला की लांबच्या वाडीत कुणी नारळ पाडत असेल तर त्याचा धप्प आवाज छातीत ऐकू येतो. सकाळी दहालाच ऊन टोचायला लागतं, दोरीवरचे कपडे तासाभरात कडक होतात, आणि तरी जमिनीतून ओल वर येतच असते. अंगाला धड घाम सुटत नाही, सुटलेला वाळत नाही. लोक याला ऑक्टोबर हीट म्हणतात आणि पंखा वाढवतात. मला मात्र या दिवसांत एका जागी बसवत नाही. ओट्यावरून आत, आतून पुन्हा ओट्यावर. आई म्हणते, "पायाला भिंगरी लागलीय काय तुझ्या?"

यंदा चार वर्षांनी मी नेमकी ऑक्टोबरात घरी आले आहे. तीन आठवड्यांची सुट्टी. पहिल्याच सकाळी बाहेर आले, उन्हाचा तो वास आला. ओली माती, वाळतं गवत आणि कुठल्यातरी शेतात पिकत आलेला भात, असा मिळून वास. आणि पाय आपोआप वाडीच्या मागच्या बाजूला वळले. तिथे आता काही नाही. चार नारळ, एक चिकू, आणि त्यांच्यामधून गेलेल्या चाकांच्या दोन खोल खुणा. त्यांत आता अळू माजलं आहे. मी घर सोडण्याआधीच्या ऑक्टोबरात तिथे फिलूआत्याची गाडी उभी होती.

फिलूआत्या म्हणजे फिलोमिना, पप्पांची धाकटी बहीण. माझ्या जन्माआधीच ती कॉन्व्हेंटमध्ये गेली. मला ठाऊक होती ती सिस्टर क्लेमेन्सिया. जव्हारकडच्या डोंगरात मुलींचं वसतिगृह सांभाळणारी, दोन वर्षांतून एकदा चार दिवसांसाठी येणारी, येताना नागलीचं पीठ आणि मध आणणारी. तिच्या व्रतदीक्षेच्या दिवसाचा फोटो आमच्या हॉलमध्ये येशूच्या तसबिरीशेजारी लावलेला. घरी कुणीही आलं की पप्पा त्या फोटोकडे बोट दाखवायचे. "माझी बहीण. सिस्टर आहे." हे सांगताना त्यांची मान जराशी वर व्हायची.

त्या वर्षी सप्टेंबर संपता संपता, आम्ही दुपारी जेवायला बसलो असताना फाटकापाशी हॉर्न वाजला. पांढरी, जुनी, उंच व्हॅन. पांढऱ्या रंगाखालून कुठे कुठे पिवळा डोकावत होता, म्हणजे कधीकाळची शाळेची गाडी. टपावर सोलरची काळी पाटी. गाडी चालवत होती ती बाई खाली उतरली आणि मला क्षणभर ओळखूच आली नाही. आत्याचे केस मी कधी पाहिलेच नव्हते. ते करडे होते, आखूड आणि विरळ. अंगात निळ्या फुलांचा ढगळ पंजाबी ड्रेस.

"दादा, जेवायला आहे का?" ती म्हणाली.

आईने ताट वाढलं. पप्पांच्या हातावरचा भात वाळून गेला तरी ते तिच्याकडे बघत होते.

"मी सोडलं, दादा," तिने दोन घास खाऊन सांगितलं. "भांडण नाही, तंटा नाही. त्यांनी आशीर्वाद देऊन पाठवलं. वय झालं म्हणून मला शहरातल्या मोठ्या घरात ऑफिसात बसवणार होते. मला बसवत नाही रे."

"मग आता?"

"माझ्या वसतिगृहातल्या मुली शिकल्या, लग्नं झाली, कामाला लांब गेल्या. त्यांच्या आया राहिल्यात पाड्यांवर. एकेकट्या. कुणाची नखं कापायला माणूस नाही. त्यांच्याकडे जाईन. एकेका पाड्यावर आठ-दहा दिवस. कुणाच्या घरात अडचण नको म्हणून ही गाडी. दोन मुलींनी मिळून घेऊन दिली मला. रस्ते अजून चिखलाचे आहेत, तोवर इथे राहीन म्हणते."

पप्पांनी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "म्हणजे सुट्टीवर आलीस."

"नाही, दादा."

"बरं, जेव आधी."

आईने माडीवरची खोली झाडून ठेवली होती, पण आत्याने गाडीतच झोपायचं ठरवलं होतं. "पस्तीस वर्षं घंटेवर उठले, घंटेवर झोपले. आता जरा माझं मला बघू दे." पप्पांनी वाडीच्या मागच्या टोकाकडे हात केला. "मग तिकडे लाव. नारळाखाली. गारवा असतो." गारवा होताच. आणि तिथली गाडी रस्त्यावरून कुणाला दिसत नव्हती, हेही तितकंच खरं होतं. पुढच्या रविवारी मिस्सानंतर देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पायरीवर कुणीतरी विचारलं तेव्हा पप्पा म्हणाले, "हो, सिस्टर आल्यात. सुट्टीवर." मी बाजूलाच उभी होते. त्यांची मान त्या दिवशी वर झाली नाही.

आत्याच्या गाडीत एक फळीचा पलंग होता, एक शेगडी, मारिआमातेची वीतभर मूर्ती आणि एक छोटा पंखा. पलंगाची फळी उचलली की खाली दोन बॅटऱ्या. पाण्याच्या, शिशाच्या, प्रत्येकी एका मोठ्या माणसाला उचलवणार नाही इतक्या जड. पंखा, दिवा, फोन, सगळं त्यांच्यावर. दिवसा टपावरच्या पाटीने त्या भरायच्या, संध्याकाळपासून थोड्या थोड्या रिकाम्या व्हायच्या. वसतिगृहात वीज चार-चार दिवस जायची, तिथे आत्या हे सगळं शिकली होती. पावसात तालुक्याहून कुणी मेकॅनिक येत नसे. ती म्हणायची, "साठ पोरी आणि काळोख. शिकले नसते तर काय करते?"

मी तेव्हा वसईच्या एका इस्पितळात नर्स होते. सकाळची पाळी संपवून तीनला घरी यायची, चहाचा कप घेऊन थेट मागे. घरात नको वाटायचं. त्याचं कारण माझ्या फोनमध्ये होतं. आयर्लंडमधल्या एका इस्पितळाची मुलाखत मी दिली होती, इंग्रजीची परीक्षा पास झाले होते, कागद भरले होते. घरी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मी एकुलती एक. दिवसातून वीस वेळा मेल उघडून बघायचं, बंद करायचं. पप्पांनी हाक मारली की दचकायचं.

"बस नाहीतर जा," एकदा आत्या म्हणाली. "दारात उभी राहून ऊन अडवू नकोस."

मी बसले. तिने माझ्या हातात काचेची नळी दिली, वर रबराचा फुगा असलेली. बॅटरीचं एकेक बूच उघडायचं, नळीने आतलं पाणी ओढायचं, नळीतला काटा कुठे तरंगतो ते वाचायचं; बॅटरी जितकी भरलेली तितका आकडा मोठा. ती वहीत लिहून घ्यायची. "बाराशे चाळीस." "बाराशे तीस." "ह्याचा?" "बाराशे दहा." वास आंबट, जिभेच्या मुळाशी चिकटणारा. पहिल्याच दिवशी माझ्या ओढणीवर कुठेतरी थेंब उडाला असावा. धुतल्यावर तिथे मोहरीएवढी तीन भोकं पडली.

तिच्या बोलण्यात उपदेश नव्हता, कामापुरतं बोलायची. "ॲसिड कधी वरून घालायचं नाही. उडून जातं ते पाणीच, म्हणून पाणीच घालायचं, ते बाटलीतलं शुद्ध पाणी. काठोकाठ नाही. आणि हिला अर्ध्या पोटी ठेवायची नाही. रोज थोडी उपाशी राहिली तर तक्रार करत नाही, पण आत प्लेटांवर पांढरा थर धरतो. मग कितीही दिलं तरी घेत नाही."

मला तेव्हा घरातली दोन माणसं आठवली होती. आत्याला बहुधा फक्त बॅटरी.

कारण बॅटऱ्या खरंच उपाशी होत्या. नारळाच्या झावळीची सावली बारीक असते, पण पाटीवर नुसती एक पट्टी पडली तरी निम्मी वीज जाते. सकाळी चिकू आड यायचा, दुपारी नारळ. आकडे रोज खाली चालले होते. बाराशे, अकराशे नव्वद. संध्याकाळी सातलाच पंखा दमायला लागायचा आणि आत्या दार उघडं टाकून पायरीवर बसून राहायची, ओढणीने वारा घेत. मग उठून चालायची, विहिरीपर्यंत, परत, विहिरीपर्यंत. पप्पा ओट्यावर केळीची पानं मोजत बसलेले असायचे. दोघं एकमेकांना दिसत असत.

एका सकाळी तिने सरळ विचारलं. "दादा, इथे ऊन नाही. गाडी पुढे अंगणात लावू दे."

"पुढे तोंडलीचा मांडव आहे."

"मांडवाच्या बाजूला."

"बाजूला जागा कुठाय? मी तुला घरातून वायर टाकून देतो. चार्जर आणतो. उन्हाची कटकटच नको."

आणि त्यांनी खरंच तसं केलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला आजही सांगावंसं वाटतं. वाडीभर काठ्या रोवून त्यांनी वायर नेली, कुणाकडून तरी जुना, मोठा चार्जर आणला. तो ट्रकच्या बॅटऱ्यांसाठीचा. भरली की आपोआप थांबण्याची सोय त्यात नव्हती. आत्या तो समोर बसून चालवायची आणि दोन तासांनी हाताने बंद करायची.

ऑक्टोबरच्या शेवटी तिला दोन दिवस जव्हारला जावं लागलं. तिच्या एका मुलीची आई गेली होती. ती एसटीने गेली. जाताना चार्जर बंद करून गेली, मला सांगून गेली, "काही करू नकोस. नुसतं राहू दे." मी पप्पांना सांगायला विसरले. खरं तर विसरले नाही. त्या दिवशी आयर्लंडहून मेल आला होता, त्यांनी मला घेतलं होतं. पप्पांसमोर उभं राहिले तर तोंडावर दिसेल अशी भीती वाटत होती. म्हणून मी त्यांना टाळत राहिले.

पप्पांना वाटलं, बहीण येईल तेव्हा बॅटऱ्या गच्च भरलेल्या असाव्यात. त्यांनी चार्जर लावला आणि दोन दिवस तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामावरून आले तर मागून बुडबुड आवाज येत होता, भात उकळतो तसा. गाडीत शिरले तर आंबट वाफेने डोळे चुरचुरले. पप्पा फळी उचलून गुडघ्यावर बसले होते. हातात तांब्या.

"पाणी पार आटलं होतं गं," ते म्हणाले. "बरं झालं बघितलं. ही भरली. आता ती भरतो."

"पाणी कुठलं?"

"विहिरीचं. दुसरं कुठलं?"

आमच्या विहिरीचं पाणी गेली काही वर्षं मचूळ लागतं. उन्हाळ्यात त्याने चहा फाटतो. मी चार्जरची पिन काढली, खिडक्या उघडल्या आणि त्यांच्या हातातला तांब्या घेतला. त्यांना कळेना मी का रडते आहे.

आत्या दुसऱ्या दिवशी आली. तिने बुचं उघडून पाहिली, नळी घातली, पुसून बाजूला ठेवली. आवाज चढवला नाही.

"दादा, मला विचारायचंस."

"चांगलंच करायला गेलो ना!" पप्पा भडकले. "तू अशी मागे, अंधारात, उकाड्यात पडलेली. मला बघवतं का ते?"

"मागे मी नाही लावली गाडी."

 मग पप्पा एकदम म्हणाले, "मग लोकांना काय सांगू मी? सांग ना तूच. पस्तीस वर्षं सांगत आलो, माझी बहीण सिस्टर आहे. आता काय सांगू?"

"बहीण आहे एवढं सांग. पुढचं गळून गेलं."

पप्पा घरात निघून गेले. त्या संध्याकाळी रोजरीला, जपमाळेच्या प्रार्थनेला, ते नेहमीच्या जागी गुडघ्यावर बसले, पण त्यांचा आवाज निघाला नाही. आई एकटीच म्हणत राहिली.

वसईत होळी म्हणतात त्या बाजारापाशी बॅटरीवाल्या नानांचं दुकान होतं. खाडीकाठच्या शेतकरी घरातला माणूस, भातशेती सांभाळून हा धंदा करणारा. ते येऊन बघून गेले. "मावशी, ही गेली," ते आत्याला म्हणाले. "दोन दिवस उकळली, प्लेटा उघड्या पडल्या, त्यावर खारं पानी. दोन सेल मेले हिचे. दुसरीत पानी नाय गेलं म्हनून वाचंल. पन हिला आता रोज पोटभर ऊन पायजे. चार्जर नको, ऊनच. सावकाश."

पप्पा दारात उभे राहून ऐकत होते. नाना गेल्यावर ते तिथेच उभे राहिले. आणि मला कुठून धीर आला माहीत नाही, मी म्हणाले, "पप्पा, चूक माझी आहे. आत्याने मला सांगून ठेवलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण मी तुमच्यासमोर यायचंच टाळत होते." आणि मग आयर्लंडचं सगळं सांगून टाकलं. मुलाखत, परीक्षा, मेल. बोलताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही, मेलेल्या बॅटरीकडे बघत होते.

ते वळून वाडीत निघून गेले. तीन दिवस बोलले नाहीत. त्या तीन दिवसांत घरात कुणीच स्वस्थ नव्हतं. आई डबे काढून पुसत होती आणि परत तेच डबे पुसत होती. आत्या विहिरीपर्यंत जात होती आणि येत होती. मी इस्पितळात एका पेशंटचा ताप दोनदा मोजला.

चौथा दिवस रविवार होता. पप्पा पहाटेच्या मिस्साला एकटे जाऊन आले आणि कपडे न बदलता अंगणात कोयता घेऊन उभे राहिले. पुढच्या अंगणात त्यांचा तोंडलीचा मांडव होता. पाच वर्षांचा, बांबू आणि तारांचा, ऐन बहरातला. रोज सकाळी टोपलीभर तोंडली निघायची. त्यांनी पहिली तार तोडली तेव्हा आई ओरडली, "अहो, काय करताय?"

ते तोडत राहिले. वेलींचे हिरवे ढीग खाली पडू लागले, पांढरी फुलं, लहान-मोठी तोंडली सगळं एकत्र. मी पुढे होऊन बांबू धरला. तोवर आठची मिस्सा सुटली होती आणि रस्त्यावरून माणसं परतू लागली होती. पलीकडच्या वाडीतले जॉनी अंकल फाटकाशी थांबले.

"काय हो, भरला मांडव काढताय?"

"गाडी लावायचीय बहिणीची. तिला ऊन लागतं."

"सिस्टर अजून आहेत होय? सुट्टी मोठी मिळाली."

पप्पांनी कोयता खाली ठेवला. सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "सिस्टर नाही ती आता," ते म्हणाले, मुद्दाम मोठ्याने, रस्त्यावरच्या बाकीच्यांनाही ऐकू जाईल असं. "फिलोमिना. माझी बहीण. घरी आलीय."

जॉनी अंकल क्षणभर घुटमळले. मग फाटक उघडून आत आले, रविवारचे बूट काढले, आणि बांबूचं दुसरं टोक धरलं.

अकरापर्यंत अंगण उघडं झालं. आत्याने गाडी मागून फिरवून आणली, पप्पा पुढे उलटे चालत हातवारे करत होते, "घे, घे, अजून घे." गाडी उभी राहिली आणि टपावरच्या पाटीवर सगळं ऊन पडलं. आईने ती सगळी तोंडली वेचली. आठवडाभर आम्ही तोंडलीचीच भाजी खाल्ली, आणि तोंडली-भात.

वाचलेल्या बॅटरीचा आकडा नोव्हेंबरभर रोज थोडा वर सरकत राहिला. दुसरी नानांनी नेली आणि तिच्या जागी नवी बसवून दिली. मेलेली बॅटरी जिवंत झाली असं काही घडलं नाही, आणि पप्पा-आत्यातलं सगळंच मिटलं असंही नाही. फोटोचं काय करायचं यावर एकदा बोलणं निघालं आणि अर्ध्यावर राहिलं. फोटो अजून तिथेच आहे. माझ्या जाण्याबद्दल पप्पा डिसेंबरपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मग एके दिवशी व्हिसासाठी लागणारा घरपट्टीचा कागद माझ्या उशाशी ठेवलेला दिसला. मी न मागता.

आता माझ्या इस्पितळाच्या खिडकीतून ऑक्टोबरात दिसतं ते फिकट, ओलं, लवकर मावळणारं ऊन. तिथल्या एका म्हाताऱ्या पेशंटची नखं कापताना मला पाड्यांवरच्या बायका आठवतात, ज्यांना मी कधी पाहिलं नाही. मी गेले ते बरोबर केलं की नाही, हे चार वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. तिथे असताना इथलं ऊन हवं असतं. इथे आले की तिसऱ्या दिवशी फोनवर तिथल्या पाळ्यांचं वेळापत्रक उघडते. आत्याला फोनवर विचारलं, "तुला कधी वाटत नाही का, चुकलं म्हणून?" ती म्हणाली, "वाटतं ना. पण सकाळी कुणीतरी वाट बघत असतं, मग राहून जातं."

आत्या आमच्याकडून निघाली ती त्या ऑक्टोबरानंतरच्या जानेवारीत, सहा तारखेचा तीन राजांचा सण झाल्यावर, सकाळी साडेआठच्या सुमाराला. आईने लोणचं, सुके बोंबील, केळी असं इतकं बांधून दिलं की पलंगावर झोपायला जागा उरली नाही. पप्पा गाडीभोवती दोनदा फिरले, चाकं दाबून बघितली. मग म्हणाले, "हायवेच्या नाक्यापर्यंत बसतो. तिथून रिक्षाने येईन." आणि घरातल्या स्लिपरवर, लुंगीवरच, तिच्या शेजारी चढून बसले.

अकरा वाजले, बारा वाजले. पप्पांचा फोन ओट्यावरच राहिला होता. आत्याचा लागत नव्हता. आई दर पाच मिनिटांनी फाटकापर्यंत जात होती. दुपारी चार वाजता आत्याचा फोन आला. "वहिनी, काळजी करू नको. दादा माझ्याबरोबर आहे. जव्हारला पोचलो."

"जव्हारला? लुंगीवर?"

"नाक्यावर उतर म्हटलं तर उतरलाच नाही."

ते पाचव्या दिवशी एसटीने आले. आयुष्यात एक रात्र वाडी सोडून न राहिलेला माणूस. अंगात कुणाचातरी आखूड शर्ट, स्लिपरवर लाल धुळीचा थर, दाढी वाढलेली, आणि चेहरा असा, की त्यांच्या लहानपणी मी त्यांना पाहिलं असतं तर तो असाच दिसला असता. विहिरीवर अंघोळ करून ते पानावर येऊन बसले.

आईने पाच दिवस राग साठवून ठेवला होता. "सांगून तरी जायचं," ती म्हणाली. "एका शब्दाने सांगून जायचं माणसानं."

पप्पांनी भात कालवला. माझ्याकडे बघितलं नाही.

"सांगायला थांबलो असतो," ते म्हणाले, "तर गेलोच नसतो."